खांब हवेतच राहू द्या

आमच्या सर्व्हरचा नकाशा सांभाळणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या अपडेटनंतर मी तुम्हाला रीतसर चार बग रिपोर्ट पाठवले. इंग्रजीतून, स्क्रीनशॉट जोडून. तीन 'सोडवले' असा शिक्का मारून बंद झाले आणि चौथ्यावर 'हे असंच अपेक्षित आहे' एवढं एक वाक्य आलं. म्हणून आता हे उघड पत्र, आणि तेही मराठीत. तुमच्यातल्या दोघांना मराठी वाचता येतं हे मला माहीत आहे. शिवाय 'सिटी ऑफ हीरोज' हा सुपरहिरोंचा ऑनलाइन खेळ खेळणारी मराठी माणसं वाटतात तितकी कमी नाहीत. त्यांच्याही कानावर हे जावं.

आधीच सांगते, तुम्ही हे काम फुकट करता, रात्री जागून करता, याची मला जाण आहे. २०१२ साली ३० नोव्हेंबरला हा खेळ बंद पडला आणि २०१९ मध्ये त्याचा कोड बाहेर आल्यावर तुमच्यासारख्या हौशी लोकांनी तो पुन्हा उभा केला. तुम्ही नसतात तर भांडायला खेळातलं हे शहरच उरलं नसतं. पण उपकार मान्य आहेत म्हणून तक्रार करायचीच नाही, हे काही मला जमणार नाही.

मी २००६ पासून या शहरात आहे. लढाईत मी कधीच हुशार नव्हते. टीममधले लोक पुढच्या खोलीत पोचलेले असायचे आणि मी मागे थांबून भिंतीवरच्या जाहिराती वाचत असायचे. तेव्हा प्रवासाची शक्ती, म्हणजे उडणं, उंच उड्या वगैरे, चौदाव्या लेव्हलला मिळायची. त्यामुळे हॉलोजसारख्या झोनमध्ये, म्हणजे शहराच्या भागात, अख्खी दरी पायी तुडवावी लागे, दर वळणावर आपल्याहून दुप्पट ताकदीचे ट्रोल दबा धरून बसलेले. सगळे त्या पायपिटीला शिव्या घालायचे. मला मात्र तिथेच चालायची चटक लागली. पुढे सुपर जंप मिळाली तरी मी गच्च्यांवर उतरून पायीच हिंडायचे.

आणि हिंडताना एक वही ठेवायचे. खेळात /लोक (loc) टाइप केलं की आपण उभे आहोत त्या जागेचे तीन आकडे मिळतात. तेच तीन आकडे /थंबटॅक पुढे लिहिले की नकाशावर पिन बसते. माझ्या वहीत दर ओळीला ते तीन आकडे आणि पुढे चार शब्द: 'दार आहे, जिना नाही'. 'कठडा भिंतीतून आरपार'. 'झाड गच्चीच्या आतून उगवलंय'. वहीच्या पहिल्या पानावरची पहिली नोंद किंग्ज रो या झोनमधली, एका गल्लीच्या तोंडाशी: 'खांब हवेत, वीतभर'.

हा खांब म्हणजे रस्त्यावरचा साधा दिवा. फुटपाथपासून वीतभर वर, काही आधार नसताना उभा. खाली वाकून कॅमेरा फिरवला की खांबाच्या बुडाखालून पलीकडची भिंत दिसायची. असं का झालं असेल हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. या शहराचे नकाशे ठोकळे जोडून केलेले आहेत. तीच इमारत, तोच जिना, तोच खांब शेकडो ठिकाणी. कुणीतरी खांब ठेवला, नंतर दुसऱ्या कुणीतरी फुटपाथ खाली घेतला, आणि खांबाला ते कुणी कळवलं नाही.

पण आमच्यात त्याची वेगळी गोष्ट होती. किंग्ज रोमध्ये क्लॉकवर्क नावाचे यंत्रमानव भंगार चोरत फिरतात, हे पहिल्या दिवशीच्या खेळाडूलाही माहीत असतं. तर आमचं म्हणणं असं, की त्यांनी खांबाचा तळ कापून नेला आणि खांबाला अजून ते कळलेलं नाही. नवीन माणूस आला की त्याला आधी तो खांब दाखवायचा, मग ही गोष्ट सांगायची, असा रिवाजच पडला होता.

२०१२ च्या ऑगस्टअखेर खेळ बंद होणार अशी घोषणा झाली. त्यानंतर लोक हातात मशाली घेऊन ॲटलस पार्कमध्ये सिटी हॉलसमोर जमले, ते तुमच्यातल्या जुन्यांना आठवत असेल. शेवटच्या रात्री मी मात्र ॲटलस पार्कात नव्हते. आम्ही तिघं त्या खांबाखाली उभे होतो. स्क्रीन गेली तेव्हा आमच्यातला एकजण त्याच क्लॉकवर्कच्या गोष्टीत काहीतरी भर घालत होता. त्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

वही खणात पडून राहिली. २०१९ मध्ये तुमच्या सर्व्हरवर पहिल्यांदा आले तेव्हा ती काढली, पहिल्या ओळीतले तीन आकडे टाइप केले, पिन बसली, चालत गेले. खांब तिथेच होता. वीतभर वर. मी खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले आणि पुन्हा येऊन बसले. इतक्या वर्षांत घरातल्या कितीतरी गोष्टींच्या जागा बदलल्या होत्या. या खांबाची मात्र दशांशानेही बदलली नव्हती.

आता तुमच्या अपडेटबद्दल. आदल्या रात्री मी त्याच जागी लॉग आउट केलं होतं. दुसऱ्या दिवशी आत आले तर सगळीकडे करडा रंग. कॅमेरा मागे ओढल्यावर कळलं: शेजारची इमारत दोन पावलं पुढे सरकली आहे आणि माझं कॅरॅक्टर तिच्या भिंतीच्या पोटात आहे. बाहेर फक्त केपचं एक टोक फडफडत होतं. /स्टक टाइप करून सुटका करून घ्यावी लागली. खांब चार पावलं पलीकडे, फुटपाथवर नीट टेकवलेला, इतर सगळ्या खांबांसारखा. आणि पॅच नोट्समध्ये, म्हणजे अपडेटच्या बदलांच्या यादीत, काय? 'नकाशात किरकोळ दुरुस्त्या'. एवढंच.

ही माझी पहिली तक्रार, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठी. खांब टेकवलात याहून सांगितलं नाहीत हे जास्त लागलं. एखाद्या शक्तीने शत्रूचं होणारं नुकसान अर्ध्या टक्क्याने कमी केलंत तरी तुम्ही त्यावर परिच्छेद लिहिता, कारण तसं न केल्यास लोक तुमच्या अंगावर येतील हे तुम्हाला माहीत असतं. नकाशाच्या बाबतीत मात्र कुणाच्या लक्षात येणार नाही असं तुम्ही धरून चाललात. आमच्या लक्षात आलं. आमची रविवारची फेरी असते. सहा-सात जण, कधी दहा. त्या फेरीत आम्ही आतापर्यंत एकोणीस बदल मोजले आणि अजून स्टील कॅन्यनला पोचलोही नाही.

दुसरी तक्रार अदृश्य भिंतींची. याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण इथे प्रश्न एका खांबाचा नाही.

या शहरात भिंती पहिल्यापासून आहेत. दुसऱ्या मितीतून आलेल्या रिक्टींचं आक्रमण झालं, कथेनुसार २३ मे २००२ रोजी, आणि त्यानंतर शहराच्या भागांभोवती ऊर्जेच्या उंचच उंच वॉर वॉल उभ्या राहिल्या. आता तांत्रिक बाजूने पाहिलं तर ती निव्वळ सोय होती. एका झोनमध्ये मावेल तेवढंच मावतं, पुढे लोडिंग स्क्रीन आणावीच लागते, म्हणजे कुठेतरी हद्द हवी. पण ज्यांनी हे शहर बांधलं त्यांनी ती हद्द लपवली नाही. तिला रंग दिला, आवाज दिला, तारीख दिली, युद्ध दिलं. उडत जाऊन तिला धडकलं की आपण कुठे अडलो आणि का अडलो हे कळतं. संगणकाची अडचण शहराच्या इतिहासात इतक्या बेमालूम मुरवलेली मी दुसऱ्या खेळात क्वचितच पाहिली आहे.

तुम्ही गेल्या अपडेटमध्ये काय केलंत? किंग्ज रोमधल्या दोन धुरांड्यांच्या मधे एक सांदी होती. तिथून आत घुसलं की इमारतींच्या पाठी दिसायच्या, खिडक्या नसलेल्या, कोऱ्या. नाटकाच्या सेटमागे गेल्यासारखं वाटायचं. आता तिथे काहीही दिसत नाही, पण माणूस हवेला आपटतो. ना रंग, ना आवाज, ना गोष्ट. मागच्या रविवारी आमच्या फेरीतला एक नवीन मुलगा तिथे तीन वेळा धडकला आणि म्हणाला, 'माझं इंटरनेट गेलंय का?' उडणाऱ्या माणसांच्या खेळात हवा बंद करून ठेवलीत!

चौथ्या रिपोर्टवर तुमचं उत्तर होतं की हे अपेक्षित आहे, खेळाडू अडकू नयेत म्हणून केलंय. काळजीबद्दल आभार. पण या खेळात कितीही उंचावरून पडलं तरी माणूस मरत नाही, जिवाचा एक हिट पॉइंट शिल्लक ठेवूनच जमिनीवर आपटतो. अडकलाच तर /स्टक आहे. सांदीत सापडून कुणाचं भलं झालं नसेल, पण वाईटही झालेलं नाही. आणि ज्याला सांदीत घुसायचंच नाही तो तिथे जात नाही. जो जातो त्याला अडकायचंच असतं हो!

तिसरी गोष्ट एक्सप्लोरेशन बॅजची, म्हणजे ठरावीक जागा शोधून काढल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यांची. ही लवकर सांगून टाकते. निदान दोन बॅजच्या खुणा तुम्ही गच्चीवरून उचलून हमरस्त्याच्या कडेला आणल्यात, 'शोधायला सोप्या जाव्यात' म्हणून. सोप्या झाल्या खऱ्या. इतक्या, की बॅज आता चालता चालता खिशात पडतो आणि माणसाला कळतही नाही कशाबद्दल मिळाला. ज्यांना सोपं हवं होतं त्यांच्यासाठी व्हिडियट मॅप्स आहेतच. खेळाडूंनी स्वतः तयार केलेले नकाशे, त्यावर प्रत्येक खूण मांडलेली. त्या बिचाऱ्यांच्या नकाशावर आता खूण एकीकडे आणि बॅज दुसरीकडे. म्हणजे शोधणाऱ्याची मजा गेली आणि न शोधणाऱ्याची सोयही.

आणि हे सगळं आवरताना जिथे खरोखर हात घालायला हवा होता तिथे कुणी फिरकलेलं दिसत नाही. 'सगळ्यांना हरवा' अशा मिशनमध्ये शेवटचा शत्रू गुहेच्या भिंतीत रुतून बसतो तो बसतोच. त्यातून ती गुहा 'लेयर केक'वाली असली, म्हणजे एकावर एक चढवलेल्या मजल्यांची, तर अर्धा तास सगळी टीम भिंतीला कान लावून फिरते. टालोस आयलंडच्या किनाऱ्यावर आमच्या सर्व्हरवर एक भोक आहे, त्यातून माणूस थेट नकाशाच्या खाली जातो. तिथलं दृश्य मला आवडतं, हे कबूल करते. जमीन फक्त वरच्या बाजूने रंगवलेली असते, त्यामुळे खालून ती दिसतच नाही. अख्खं बेट पायाशिवाय तरंगत असतं आणि लोकांच्या चपलांचे तळवे डोक्यावरून जातात. पण मिशनच्या घाईत असलेल्या माणसाला त्याचं काय कौतुक? ते भोक बुजवा. मी हरकत घेणार नाही. फक्त बुजवण्याआधी सांगा, एकदा शेवटचं जाऊन येऊ.

यावर 'तुम्हाला कुठलाच बदल नको असतो' हे उत्तर येणार, म्हणून आधीच बोलते. बदल आम्ही पुष्कळ पचवलेत. फॉल्टलाइन हा झोन, जुना, आठवतोय का? भूकंपाने फाटलेलं ओव्हरब्रुक, दऱ्याच दऱ्या, आत पडलं की वर यायला वाट सापडत नसे. २००६ मध्ये आठव्या इश्यूत, म्हणजे मोठ्या अपडेटमध्ये, ते नव्याने बांधलं. डागडुजी करणारी माणसं आली, एक अख्खं कथानक आलं. शहर स्वतःला सावरतंय असं दिसलं. मला जुन्या दऱ्यांची आठवण येते, पण तक्रार कधीच नव्हती.

गॅलेक्सी सिटी तर २०११ मध्ये उल्का पाडून उद्ध्वस्तच केली. कित्येकांचं पहिलं पाऊल त्या झोनमध्ये पडलेलं. लोक चिडले, हळहळले. पण आकाशातून आग पडताना त्यांनी पाहिली, नवीन खेळाडूला तर त्या ढिगाऱ्यातूनच सुरुवात करावी लागली. शहराचा एक भाग गेला आणि तो गेला हे शहराला माहीत होतं. डार्क ॲस्टोरिया २०१२ मध्ये बदलला. त्याबद्दल माझं मन अजून द्विधा आहे. जुन्या ॲस्टोरियातलं ते धुकं, पाच पावलांवरची कबर न दिसणारं, नव्यात मला सापडत नाही. तरी तिथेही कारण होतं: जमिनीखाली निजलेला मोट नावाचा मृत्यूचा देव जागा होत होता. आणि होमकमिंग या सर्व्हरवर तर जुना ॲस्टोरिया, जुनी गॅलेक्सी सिटी 'एको' म्हणून वेगळ्या जपून ठेवल्यात, ज्याला जायचं तो जातो. म्हणजे हे अशक्य नाही.

तुमच्या बदलाला शहराच्या गोष्टीत कारणच नाही. रात्रीतून कुणीतरी येऊन घर आवरून गेलं, आणि काय कुठे ठेवलं ते सांगितलं नाही, असं झालंय.

तर आमच्या मागण्या. 'आमच्या' म्हणतेय कारण रविवारच्या फेरीतल्या सगळ्यांशी बोलून लिहिलंय. गेल्या अपडेटमध्ये नकाशात जे जे हललं त्याची यादी द्या, झोनचं नाव आणि आधीचे-नंतरचे आकडे. फार सजवून नको, तुमच्याकडे असेल तशी कच्ची चालेल. यापुढे नकाशाचा कुठलाही बदल मुख्य सर्व्हरवर आणण्याआधी दोन आठवडे टेस्ट सर्व्हरवर ठेवा. आम्ही स्वतः येऊन चालून पाहू, आणि तुमच्या नजरेतून सुटलेली भोकंही दाखवू. ते काम आम्ही तसंही करतोच. अदृश्य भिंती काढा. एखादी काढता येतच नसेल तर तिला दिसू द्या. वॉर वॉलचा निळा तुकडा लावा, पोलिसांचा अडसर लावा, काहीही, पण धडकणाऱ्याला कळू द्या. बॅजच्या खुणा परत गच्चीवर न्या. जुना नकाशा मोडीत काढला नसेल तर एको म्हणून ठेवा, आणि काढला असेल तर तसं स्पष्ट सांगा, आम्ही वाट बघणं थांबवू.

खांबाची मागणी मी यादीत घातलेली नाही, कारण ती माझी एकटीची आहे. पण शक्य असेल तर त्याला वीतभर वर उचला. माझ्या अंदाजाने एका आकड्याचा बदल आहे, मधला.

मागण्या मान्य असोत वा नसोत, एक आमंत्रण मात्र आहे. येत्या रविवारी रात्री नऊ वाजता आम्ही ॲटलसच्या पुतळ्याखाली जमतोय, त्याच्या डाव्या पायाशी. तिथून किंग्ज रो, मग स्कायवे सिटीच्या पुलांखालून, वेळ उरला तर पेरेझ पार्कच्या जंगलात. तिथे आम्ही आजही वाट चुकतो. तुमच्यातलं कुणीतरी या. ॲडमिनच्या शक्ती घरी ठेवून या, साध्या पहिल्या लेव्हलच्या कॅरॅक्टरने. फेरीचा नियम एकच आहे, उडायचं नाही. वही मी आणते.

आपली,
रविवारच्या फेरीतली एक जुनी खेळाडू